गावचे वीरगळ नोंदवायचा ऑनलाइन उपक्रम: काम कसं चालवावं, माणसं कशी टिकवावीत

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात फिरताना देवळाच्या आवारात, तळ्याच्या काठावर, शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, आणि इतर कोरीव दगड उभे दिसतात. एखाद्याला शेंदूर लावलेला असतो, एखाद्यावर ऑईल पेंटचा हात मारलेला असतो, एखादा गटारीच्या कडेला पालथा पडलेला असतो. हलशीच्या कदंबांचा, सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावला, आणणाऱ्या रट्टांचा आणि नंतर देवगिरीच्या यादवांचा हा मुलूख. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती (जैन मंदिर) किंवा हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर यांच्यावर लिहिलं गेलंय. बांधावरच्या दगडांकडं मात्र सहसा कुणी वळत नाही. त्यांची नोंद गावातली माणसं मोबाईलवर करू शकतात, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. पण पाचपन्नास माणसांना वर्षभर कामात धरून ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे.

असे उपक्रम बहुधा एकाच जागी अडतात. माणूस उन्हात जाऊन फोटो काढतो, गटात टाकतो आणि कुणी काही बोलत नाही. दुसऱ्यांदा तो पाठवत नाही. म्हणून आभार हा समारोपाच्या कार्यक्रमातला विषय धरू नका. नोंद तपासणं जसं काम, तसंच आभार मानणं हेही काम, आणि तेही नेमून दिलेलं.

सुरुवात पाच गावांपासून

पहिल्या फेरीला पाच गावं, सहा आठवडे आणि १५ ते २० माणसं पुरेत. सगळा जिल्हा घेऊ नका. गावं एकमेकांना लागून असली तर लोक एकमेकांच्या ओळखीचे निघतात आणि एकाच दिवशी दोन गावं होतात.

वेळ बघून निवडा. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात दगडावर शेवाळ चढतं, कोरीव काम दिसत नाही, आणि मग कुणीतरी तारेच्या ब्रशनं घासायला घेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी असते, त्या वेळी कुणाला हाक मारू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा: उन्हाची तिरीप तिरकी असते, गवत वाळलेलं असतं. ऊसपट्ट्यात मात्र तोडणी चालू असते, तिथं रविवारवरच भागवावं लागतं.

तिघं जबाबदार हवेत. एक जण आलेली नोंद तक्त्यात चढवतो. दुसरा तपासतो. तिसऱ्याकडं फक्त माणसं: उत्तर देणं, फोन करणं, नावं बरोबर लिहिली गेलीत का ते बघणं. ही तिन्ही कामं एकाच माणसाकडं गेली की पहिल्यांदा बळी जातो तो तिसऱ्या कामाचा. या कामाला चांगला टायपिंग करणारा शोधू नका, गावात ज्याला चार घरी चहा मिळतो असा माणूस शोधा.

फॉर्ममध्ये काय असावं

गुगल फॉर्म पुरतो, पण त्यातल्या तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. फोटो चढवायचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गुगल खात्यानं लॉगिन करावं लागतं, त्यामुळं ज्येष्ठ मंडळी तिथंच अडकतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वाट उघडी ठेवा आणि फॉर्म तुम्ही भरा. दुसरं, अशा फॉर्मला एकूण १ जीबीची मर्यादा आधीच घातलेली असते. ती भरली की फॉर्म उत्तरं घेणं थांबवतो. सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्याच दिवशी वाढवा. तिसरं, फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राईव्हमध्ये जमतात. फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत त्याचा जीमेल आणि फोटोही मोजले जातात. एक फोटो साधारण ४ एमबीचा आणि दगडामागं चार फोटो धरले तर ९०० दगडांच्या आसपास जागा संपते. म्हणून उपक्रमासाठी वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडं ठेवा.

प्रश्न दहापेक्षा जास्त नकोत. गाव आणि तालुका, दगडाचा प्रकार, जागा (देऊळ, बांध, तळं, घराची भिंत), कुणाच्या ताब्यात, उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, किती टप्पे कोरलेत, गावात त्याला काय म्हणतात, पूजा होते का, अक्षरं आहेत का, आणि पाठवणाऱ्याचं नाव जसं छापून यायला हवं तसं. हा शेवटचा प्रश्न सक्तीचा ठेवा. ‘नाव नको’ हाही त्यातला एक पर्याय असू द्या.

दगडाचा प्रकार विचारताना चित्रं द्या. वीरगळ खालून वर वाचतात: तळाला लढाई किंवा गुरं, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या टप्प्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कलश. या भागात जैन परंपराही जुनी, त्यामुळं वरच्या टप्प्यात लिंगाऐवजी तीर्थंकर बसलेले दिसू शकतात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. नागशिळा कुणालाही ओळखता येते. या सगळ्यांच्या शेवटी ‘सांगता येत नाही’ हा पर्याय हवाच. तो नसला की लोक अंदाजानं ठोकून देतात आणि तो अंदाज पुढं खरी माहिती म्हणून फिरतो.

गावाच्या नावाचा घोळ सीमाभागात ठरलेला आहे. येळूर लिहिणारा एक, येळ्ळूर लिहिणारा दुसरा. निपाणी आणि निप्पाणी. चिकोडी आणि चिक्कोडी. तक्त्यात शोधताना ही दोन वेगळी गावं होतात. उपाय सोपा आहे: फॉर्ममध्ये गाव टाईप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या आणि प्रत्येक गावापुढं सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला कोड लिहून ठेवा. फोटोच्या फाईलचं नावही याच कोडवर बेता: गावाचा कोड, दगडाचा अनुक्रमांक, बाजूचा आकडा. समोरची बाजू १, डावी २, उजवी ३, मागची ४. फाईलच्या नावात फक्त आकडे असले की कुठल्याही संगणकावर घोटाळा होत नाही.

फोटो: पाठवणाऱ्याला नेमकं काय सांगायचं

‘चांगला फोटो काढा’ म्हणण्यात अर्थ नाही. असं सांगा: सकाळी आठ-साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. ऊन दगडाच्या बाजूनं घासून गेलं पाहिजे. समोरून ऊन पडलं की कोरीव काम सपाट दिसतं. दगड झाडाच्या सावलीत किंवा गाभाऱ्यात असेल तर दुसऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च एका अंगानं, दगडाला लागून धरायचा. झिजून गेली असं वाटणारी अक्षरंसुद्धा कधीकधी अशा उजेडात उठून येतात. दगडाशेजारी शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी उभी धरा. मोबाईल दगडाच्या मध्यावर येईल इतकं खाली बसा, उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत दगड बुटका होतो.

मनाईच्या गोष्टी वेगळ्या आणि ठळक अक्षरात द्या. खडू, पीठ, हळद लावून अक्षरं उठवायची नाहीत. पाणी मारायचं, तेल चोळायचं नाही. शेंदूर खरवडायचा नाही, तो गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. दगड हलवायचा नाही, सरळसुद्धा करायचा नाही, कारण तो जसा सापडला तीही माहितीच असते. पूजेतल्या दगडाजवळ पायताण काढून जायचं आणि आधी गुरवांना किंवा पुजाऱ्यांना विचारायचं. छावणी भागात आणि लष्कराच्या ताब्यातल्या जागेत परवानगीशिवाय मोबाईल बाहेर काढायचा नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूला वनखात्याला विचारल्याशिवाय आणि एकट्यानं कुणी जायचं नाही.

जमीन खणताना नवं काही निघालं तर गटात फोटो टाकण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावं लागतं, निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा तसं सांगतो. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. ‘केवढ्याला जाईल’ असं विचारणारा माणूस गटात दिसला तर त्याला त्याच दिवशी काढा. याच कारणानं, हातानं उचलता येतील अशा लहान दगडांची अचूक जागा जाहीर करू नये, नुसतं गाव लिहावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली जागेची माहिती जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल येते. तरी त्यावर विसंबू नका. गुगल मॅप्सवर जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते वेगळे लिहून घ्या. दशांशचिन्हानंतर पाच आकडे आले की जागा साधारण मीटरभराच्या अचूकतेनं कळते. रेंज नसलेल्या गावात कागदावर टिपून घरी आल्यावर पाठवलं तरी चालतं.

फॉरवर्ड होत आलेले फोटो घेऊ नका. ज्यानं काढला त्याचा त्यावर हक्क असतो. पुढं विकिमीडिया कॉमन्ससारख्या, सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन फोटोसाठ्यात ठेवायचे असतील तर शक्यतो काढणाऱ्यानं स्वतःच्या खात्यातून चढवावेत, म्हणजे परवानगीचा प्रश्न उरत नाही आणि प्रत्येक फोटोखाली नाव कायमचं राहतं. तिथं चालणाऱ्या सीसी बाय-एसए ४.० परवान्याचा अर्थ साध्या मराठीत फॉर्मवर लिहा: ‘हा फोटो कुणीही वापरू शकेल, पैसे कमावण्यासाठीसुद्धा, पण माझं नाव द्यावं लागेल, आणि त्यात बदल करून वापरला तर तोही याच अटीवर खुला ठेवावा लागेल.’ पैशांचा भाग लपवू नका. नंतर कळलं तर माणूस दुखावतो.

गट

गप्पांचा गट आणि कामाचा गट वेगळा. कामाच्या गटात फक्त तिघा जबाबदारांना लिहिता यावं. गप्पांच्या गटात फोटो, शंका, आठवणी येऊ द्या. दोन्ही एकत्र ठेवले की आठवड्यात शुभ सकाळचे संदेश वर राहतात आणि सूचना खाली जातात. साध्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे ध्यानात घ्या. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मुली आणि घरच्या बायका सहभागी व्हाव्यात असं वाटत असेल तर तिथूनच सुरू करा.

सीमाप्रश्न गटात नको. त्याबद्दल प्रत्येकाच्या मनात काही आहे आणि ते असणारच, पण तासभर वाद झाला की गप्प बसून फोटो पाठवणारी माणसं निघून जातात. वीरगळाची माहिती देणाऱ्यांत कानडी बोलणारे शेतकरी, पुजारी, शिक्षकही असतात. फॉर्म मराठी आणि कानडी दोन्ही लिपीत ठेवा. दगडाला गावात जे नाव आहे ते बोलणारा म्हणतो तसंच लिहा. शिलालेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कानडीत, असला तर तसंच नोंदवा आणि तो वाचायला कानडीच्या जाणकाराला आदरानं बोलवा. गटातल्या कुणी हौसेनं अर्थ लावलाच तर तो वेगळ्या रकान्यात, ‘पडताळलेला नाही’ अशा शेऱ्यासह ठेवा. शक वाचता आला तर आकडा आहे तसा उतरवा. ७८ मिळवून येणारं इसवी सन दुसऱ्या रकान्यात, कारण महिन्यानुसार एक वर्ष इकडंतिकडं होतं.

उत्तर आणि आभार

नोंद आल्यापासून दोन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, तपासणी झालेली नसली तरी. अंगठ्याचं चिन्ह हे उत्तर नव्हे. त्या माणसानं नेमकं काय केलं ते उत्तरात यावं लागतं, त्याशिवाय कुणीतरी आपला फोटो बघितला यावर त्याचा विश्वास बसत नाही. नुसतं ‘खूप छान’ लिहू नका. असं लिहा: ‘अक्का, विहिरीजवळच्या वीरगळाची मापं मिळाली. खालच्या टप्प्यातली गुरं तुमच्या फोटोत स्वच्छ मोजता येतात, पाच आहेत. हा तुमच्या गावातला तिसरा दगड.’ वीस सेकंदांचा बोललेला संदेश पाठवला तर आणखी चांगलं, विशेषतः वाचायला चष्मा लागतो अशांना.

फोटो चालण्यासारखा नसेल तर गटात कधीही सांगायचं नाही. खाजगीत, आधी जे उपयोगी पडलं ते, मग एकच दुरुस्ती. उदाहरणार्थ: ‘आण्णा, जागा आणि मापं बरोबर बसली. वरच्या टप्प्यावर ऊन थेट पडल्यामुळं लिंग दिसत नाही. परत तिकडं जाणं झालं तर सकाळी बाजूच्या उन्हात एक फोटो मिळेल का? नाही जमलं तरी नोंद तुमच्याच नावावर राहील.’ शेवटचं वाक्य गाळू नका. आपली नोंद दुसरा कुणी घेऊन जाईल ही भीती लोक बोलून दाखवत नाहीत, पण ती असते.

एकाच दगडाचे दोघांनी फोटो पाठवले तर दुसऱ्याला ‘आधीच आलाय’ असं कळवू नका. दुसरा फोटो वेगळ्या उजेडातला असतो, तो त्याच नोंदीखाली दुसऱ्या नावानं ठेवा.

सर्वाधिक फोटो पाठवणाऱ्याला बक्षीस, ही कल्पना टाळा. असं बक्षीस जाहीर झालं की एका दगडाचे बारा फोटो येतात, शेजारच्या तालुक्यातले फोटो आपल्या गावाच्या नावावर येतात, आणि ज्याच्या गावात दोनच दगड आहेत तो पहिल्याच आठवड्यात बाजूला होतो. तपासणाऱ्याचं काम तिप्पट होतं. कौतुक करायचंच तर वेगवेगळ्या गोष्टींचं करा: अंधाऱ्या गाभाऱ्यातला अवघड फोटो, पूर्ण भरलेला फॉर्म, चुकीची नोंद दाखवून देणं, आजीकडून कथा टिपून आणणं. चूक दाखवणाऱ्याचे आभार उघडपणे मानले की इतरांनाही चूक सांगायचं धाडस होतं. गटाला याचा फार उपयोग होतो.

आभारांच्या यादीत नेहमी राहून जाणारी माणसं आहेत. ज्यांच्या शेतात दगड आहे ते मालक, झुडूप बाजूला करून देणारा गडी, कुलूप उघडणारे गुरव, मोबाईल नसलेली पण दगड कुठं आहे ते सांगणारी आजी. तक्त्यात ‘फोटो कुणी काढला’ याच्याशेजारी ‘दाखवला कुणी’ असा रकाना ठेवा, त्यांना विचारूनच भरा. पुढं कुठंही फोटो छापला तर दोन्ही नावं जातात.

नावाचं लेखन हा नाजूक विषय आहे. कुणाला आडनाव नको असतं, कुणाला माहेरचं हवं असतं, कुणाला गावाचं नाव जोडलेलं आवडतं. प्रमाणपत्र छापायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या ओळीचा फोटो पाठवून ‘असंच ना?’ म्हणून विचारा. चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र हे न दिल्यापेक्षा वाईट. १८ वर्षांखालच्या मुलांचं नाव किंवा चेहरा पालकांच्या लेखी होकाराशिवाय कुठंही टाकू नका. शाळेचं आणि वर्गाचं नाव टाकून काम भागतं.

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम हवा तर करा, पण तो गावात करा, शहरातल्या सभागृहात नको. सहा आठवडे संपले की त्या गावातल्या सगळ्या दगडांचा एक मोठा तक्ता ए-३ कागदावर छापून लॅमिनेट करा आणि शाळेत किंवा देवळात लावा. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं आणि दाखवणाऱ्याचं नाव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा यात्रेच्या आधी लावला तर सगळं गाव बघतं. भाषणं दोन पुरेत, दगड दाखवणाऱ्याला बोलायला लावा. प्रत्येकाला त्यानं काढलेल्या एका फोटोची छापील प्रत द्या. शाल कपाटात जाते, हा फोटो बाहेरच्या खोलीत लागतो.

काही जण मध्येच थांबतील. कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी आजारपण, कुणाला कंटाळा. महिनाभर नोंद आली नाही तर एक फोन करा, कामाची आठवण करून देण्यासाठी नव्हे, खुशाली विचारण्यासाठी. कंटाळलेल्याला मोकळं सोडा, पण त्याचं नाव यादीतून काढू नका.

जपणूक आणि थांबणं

दर रविवारी तक्ता उतरवून घ्या, एक एक्सेल फाईल आणि एक सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता). सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीचा चुराडा दिसू शकतो. डेटा विस्कटलेला नसतो, आयात करताना अक्षरांच्या पर्यायात यूटीएफ-८ निवडलं की अक्षरं परत येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलूनच तक्त्यात घ्या. दुसरी प्रत पेनड्राईव्हवर, दुसऱ्या घरात.

फेरी कधी संपणार ती तारीख पहिल्याच दिवशी सांगितलेली असावी. पंधरा दिवस आधी आठवण द्या, त्या पंधरवड्यात राहिलेल्या बऱ्याच नोंदी येतात. मग फॉर्म बंद करा आणि बंद झाल्याचं त्यावर लिहा, नाहीतर लोक भरत राहतात आणि कुणी बघत नाही. शेवटची यादी पीडीएफ करून एक प्रत ग्रामपंचायतीला, एक गावातल्या शाळेला, एक जवळच्या वाचनालयाला द्या आणि पोच घ्या. त्या पोचेचा फोटो गटात टाका, आपली नोंद कुठं जाऊन बसली ते प्रत्येकाला दिसू द्या. पुढच्या पाच गावांची नावं त्याच संदेशात लिहिली तर या फेरीतले दोघं-तिघं तपासणीच्या कामाला आपणहून पुढं येतात. त्यांना त्या आठवड्यातच तक्ता उघडायचा अधिकार द्या.